उत्पन्नाचे माप आणि निराधारांचा हक्क

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



शंभर वर्षे अव्याहत चालत आलेल्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर उभे राहताना वक्त्याच्या मनात थोडा संकोच असतोच. या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांवर व्याख्याने व्हावीत, ही श्रोत्यांची अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र आज एका कागदाविषयी बोलणार आहे. हा कागद जेमतेम एका पानाचा असतो. त्याला लेखक नसतो, फक्त सही आणि शिक्का असतो. परंतु आपल्या समाजातील लक्षावधी माणसांच्या आयुष्यात कोणत्याही ग्रंथापेक्षा या एका पानाने अधिक उलथापालथ केलेली आहे. तो कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला.

विधवा, वृद्ध, अपंग, परित्यक्ता, अनाथ यांना शासनाकडून जे अनुदान किंवा निवृत्तिवेतन मिळते, ते बहुतेक वेळा ‘उत्पन्न अमुक रकमेपेक्षा कमी असल्यास’ या अटीवर मिळते. अट वाचायला सोपी आहे. पण ‘उत्पन्न’ म्हणजे नेमके काय, हे ठरवायला बसले की सोपेपणा संपतो. जमीन साखळीने मोजता येते, धान्य मापाने मोजता येते. उत्पन्न मात्र मोजण्यापूर्वी ठरवावे लागते. ते कोणाचे, कोणत्या काळाचे, कशाकशाचे, कोणाच्या शब्दावर आणि कोणत्या सालच्या पट्टीने, हे पाच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे कोणी तरी आधी देतो आणि मगच आकडा जन्माला येतो. ती उत्तरे देणारा अर्जदार नसतो. परिणाम मात्र त्याला भोगावे लागतात. आजचे माझे विवेचन या पाच प्रश्नांभोवतीच राहील.

उदाहरणासाठी मी एक गाव निवडले आहे. माझे वास्तव्य ज्या परिसरात आहे तेथलेच ते गाव, दादरा-नगर हवेलीतील सेलवासला लागून असलेले सामरवरणी. महाराष्ट्रातील वाचकाला या मुलखाची ओळख मुख्यतः १९५४ च्या मुक्तिसंग्रामामुळे असते. त्या वर्षी २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सेलवास पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी मंडळी सहभागी होती, हे आपण जाणताच. १९६१ साली हा प्रदेश भारतीय संघराज्यात विधिवत सामील झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

या मुलखाचे मूळ रहिवासी वारली, धोडिया, कोकणा इत्यादी आदिवासी. पोर्तुगीज अमलातील ‘आल्वारा’ आणि ‘तेरें’ या जमीनधारणेच्या पद्धती १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने संपुष्टात आणल्या आणि कसणाऱ्याच्या नावे जमीन होण्याची वाट मोकळी झाली. पुढे करसवलतींच्या आकर्षणाने कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग कामगार आले. त्यात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा यांबरोबरच खानदेशातील, नाशिककडील आणि विदर्भातील मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्यासाठी भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेत सामरवरणीची नोंद ‘जनगणना नगर’ अशी झाली. लोकसंख्या, वस्तीची दाटी आणि व्यवसाय पाहता ते शहर ठरले. पण नगरपालिका नसल्यामुळे कारभार ग्रामपंचायतीचा, असा तो प्रकार होता. शेत आणि कारखाना, चाळमालक आदिवासी आणि परप्रांतीय भाडेकरू, गावाकडची शिधापत्रिका आणि इथला पगार, हे सारे येथे एका गल्लीत भेटते. उत्पन्नाच्या मोजमापातील एकही अडचण अशी नाही की जी या गल्लीत सापडणार नाही.

आता पहिला प्रश्न : उत्पन्न कोणाचे?

समजा, एक सत्तरीच्या विधवा आजी धुळे जिल्ह्यातील आपले गाव सोडून सामरवरणीत मुलाजवळ राहायला आल्या आहेत. मुलगा कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. आजींचे स्वतःचे उत्पन्न शून्य. पण नियम ‘कुटुंबाचे उत्पन्न’ विचारतो आणि कुटुंब म्हटले की मुलाचा पगार आला. त्यातून खोलीभाडे, दोन नातवंडांच्या शाळेचा खर्च आणि गावाकडचे देणे भागवल्यावर आजींच्या औषधाला काही उरते की नाही, हे नियमाच्या दृष्टीने गौण आहे. कागदावर त्या निराधार नाहीत, कारण त्यांना मुलगा आहे.

राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला, तेव्हा वृद्धाला दरमहा ७५ रुपये मिळत. त्या वेळची निराधारपणाची व्याख्या मोठी बोलकी होती. स्वतःच्या साधनांतून किंवा कुटुंबीयांच्या व इतरांच्या आधारातून उपजीविकेचे नियमित साधन नाही, किंवा असून नगण्य आहे, तो निराधार. येथे पाहणे होते ते आधाराकडे. आधार देऊ शकणाऱ्याच्या पगाराकडे नव्हे. मुलगा आहे, पण तो देत नाही किंवा देऊ शकत नाही, ही शक्यता त्या व्याख्येत शिल्लक होती. २००७ साली योजनेचे नाव आणि निकष दोन्ही बदलले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या यादीत नाव असणे ही कसोटी झाली. माणसाची जागा यादीने घेतली. यामुळे कचेरीचे काम सुटसुटीत झाले हे खरे; परंतु बऱ्या घरातील उपेक्षित म्हातारी त्या यादीतून कायमची नाहीशी झाली. त्याच वर्षी आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला आणि मुलाकडून पोटगी मागण्याचा मार्ग खुला झाला. पण महिन्याच्या औषधपाण्यासाठी पोटच्या मुलाला न्यायाधिकरणापुढे उभे करणारी आई आपल्याकडे किती घरांत सापडेल, याचे उत्तर आपण प्रत्येकाने मनाशीच द्यावे.

हा पेच आपल्याकडेच पडला असे नाही. इंग्लंडात १९३१ साली बेकारांच्या भत्त्यासाठी कुटुंबाच्या मिळकतीची चौकशी सुरू झाली. ‘मीन्स टेस्ट’ हा शब्द तेथील कामगारवस्त्यांत शिवीसारखा उच्चारला जाई. चौकशी करणारा अधिकारी घरात येऊन सामान पाही. कमावत्या मुलाचा पगार बेकार बापाच्या भत्त्यातून वजा होई. परिणाम असा झाला की बापाचा भत्ता राहावा म्हणून तरुण मुले घर सोडून दुसरीकडे बिऱ्हाड करू लागली. कुटुंबाला एक मानणाऱ्या नियमानेच कुटुंब मोडले. अखेर १९४१ साली कायदा बदलून कुटुंबाच्या एकत्रित मिळकतीची ही कसोटी रद्द करण्यात आली. आपल्याकडे शिधापत्रिका वेगळी काढून एकाच छताखाली दोन चुली दाखवल्या जातात, त्यामागेही हेच कारण आहे. माणसे लबाड असतात म्हणून चूल वेगळी होत नाही. नियमाने एकत्र राहण्यावर दंड बसवला म्हणून ती वेगळी होते.

दुसरा प्रश्न : उत्पन्न कोणत्या काळाचे?

दाखल्यावर ‘वार्षिक उत्पन्न’ असे छापलेले असते. मासिक पगाराच्या नोकरदाराला यात काही अडचण नाही. पण ठेकेदाराकडील कामगाराचे वर्ष बारा महिन्यांचे नसते. समजा, त्याला पूर्ण हजेरीच्या महिन्यात १२,००० रुपये हातात पडतात. मध्येच कारखान्यातील काम मंदावते, ठेका बदलतो, पावसाळ्यात लावणीसाठी तो गावी जातो. वर्षात प्रत्यक्ष काम सात महिने झाले तर त्याचे उत्पन्न ८४,००० रुपये. पण अर्जाच्या वेळी हाती असलेल्या पगारपत्रकाला बाराने गुणले की ते १,४४,००० होते. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या, त्यांत केशरी आणि शुभ्र यांच्यातील सीमारेषा एक लाख रुपयांची होती. म्हणजे तोच कामगार खऱ्या हिशेबाने केशरी, आणि गुणाकाराने शुभ्र. एका गुणाकाराने माणसाचा रंग बदलतो.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. शेतकऱ्याचे उत्पन्न एका हंगामात येते आणि वर्षभर पुरवावे लागते. एका चांगल्या वर्षावरून मागची दोन वाईट वर्षे झाकली जातात. आजारपण, अपघात, कर्त्या माणसाचा मृत्यू या आपत्ती आर्थिक वर्षाची वाट पाहत नाहीत. पती मार्चमध्ये गेला आणि पत्नीने एप्रिलमध्ये अर्ज केला, तर मागील वर्षाच्या दाखल्यात अजून तिच्या पतीचा पगार जिवंत असतो. तिला गरज आजची आहे. मोजले जाते ते कालचे.

तिसरा प्रश्न : उत्पन्नात कशाकशाची गणना करावी?

या प्रश्नाला आपल्या प्रांतात जुनी आणि अभिमानास्पद परंपरा आहे. दादाभाई नौरोजी यांनी १८७६ साली मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचले. माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये पडते, असा हिशेब त्यांनी मांडला आणि त्याची तुलना तुरुंगातील कैद्याला मिळणाऱ्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी केली. सरकार कैद्याला जेवढे देते तेवढेही प्रामाणिक रयतेच्या वाट्याला येत नाही, हा त्या तुलनेचा निष्कर्ष होता. उत्पन्नाचा नुसता आकडा मुका असतो. तो कशाच्या शेजारी ठेवला यावर त्याला वाचा फुटते, हे दाभाडकाठी मोडणारे सत्य त्यांनी त्या काळी दाखवून दिले.

पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दररोज २,२५० उष्मांकांचे अन्न ही किमान गरज धरली आणि १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात माणशी वार्षिक १८० रुपये व शहरी भागात २७० रुपये अशी रेषा आखली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांनी उत्पन्न मोजले नाही, खर्च मोजला. कारण ज्या देशात बहुसंख्य लोक पगारदार नाहीत, तेथे ‘तुम्ही किती मिळवता’ यापेक्षा ‘तुम्ही किती खाता’ या प्रश्नाचे उत्तर अधिक भरवशाचे असते.

तथापि देशातील गरिबांची टक्केवारी काढणे वेगळे आणि अमुक घर गरीब आहे की नाही हे ठरवणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी शासनाने तीन वेळा तीन रीती अवलंबिल्या. १९९२ च्या पाहणीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ११,००० रुपयांपेक्षा कमी, ही कसोटी होती. ती भरवशाची ठरली नाही. १९९७ च्या पाहणीत आधी काही घरे सरळ वगळण्यात आली. दोन हेक्टरांहून अधिक जमीन, पक्के घर, दूरदर्शन संच, शीतकपाट, मोटरसायकल असलेली घरे त्यांत होती. त्याच यादीत छताचा पंखाही होता. २००२ साली उत्पन्न विचारणेच सोडून देण्यात आले आणि तेरा प्रश्नांना शून्य ते चार असे गुण ठेवले गेले. घर कसले, घरात कपडे किती, दोन वेळचे जेवण मिळते का, शिकलेला माणूस कोण, कर्ज कोणाचे, स्थलांतर कशासाठी, अशा प्रश्नांची बेरीज ५२ पैकी किती होते यावर घराची गरिबी ठरली.

या बाह्य खुणांचा न्याय सामरवरणीला लावून पाहा. येथील एखाद्या आदिवासी कुटुंबाने वडिलोपार्जित जागेवर सिमेंटच्या चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या, तर त्याचे घर पक्के झाले. भाडे येते हे खरे. पण खोल्यांसाठी काढलेले कर्ज त्या खुणांच्या यादीत दिसत नाही. उलट चाळीतील भाडेकरूच्या नावे येथे ना घर, ना जमीन. त्याची गावाकडची पाच एकर बागाईत येथील तपासनिसाला दिसत नाही. छताचा पंखा तर घरमालकाने आधीच लावून ठेवलेला असतो. शेतातली भाजी, घरची कोंबडी, मोहाची फुले, जंगलातील सरपण यांना किंमत धरायची की नाही? इंग्लंडच्या १९०८ च्या वृद्धवेतन कायद्यात तर फुकट मिळणाऱ्या निवाऱ्याचीही किंमत करून ती मिळकतीत धरण्याची तरतूद होती. तो नियम येथे लावला, तर मुलाच्या खोलीत कोपऱ्यात अंथरूण टाकणाऱ्या आमच्या धुळ्याच्या आजींना त्या कोपऱ्याचेही भाडे उत्पन्न म्हणून दाखवावे लागेल.

चौथा प्रश्न : हे सारे कोणाच्या शब्दावर?

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार किंवा मामलतदार देतो. पण त्याच्यामागे स्थानिक चौकशी असते, अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र असते, कधी पंचांचे जबाब असतात. ज्याला पगारपत्रक नाही, बँकेत नियमित जमा नाही, त्याचे उत्पन्न तलाठ्याच्या अंदाजाने ठरते. तलाठ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे दिवसाला इतके अर्ज असतात की प्रत्येक घराचा ताळेबंद मांडणे मानवी शक्तीबाहेरचे आहे. म्हणून तो ओळखीच्या माणसाच्या शब्दावर विसंबतो. आपल्याकडील कित्येक ग्रंथालये गरजू विद्यार्थ्याची अनामत माफ करतात, तेव्हा तीही एखाद्या शिक्षकाच्या किंवा सभासदाच्या शब्दावरच करतात. यात गैर काही नाही.

पण ज्याची ओळख नाही त्याचे काय? सामरवरणीतील भाडेकरूला येथे ओळखणारा कोणी नसतो आणि गावाकडे ओळखणारे म्हणतात, ‘तो तर परमुलखात कंपनीत आहे, त्याला काय कमी?’ एका ठिकाणी तो परका आणि दुसऱ्या ठिकाणी श्रीमंत. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या योजनेने धान्याला प्रवासाची मुभा मिळाली आहे. निराधारपणाला ती तितकीशी मिळालेली नाही. पलीकडे पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात महाराष्ट्राच्या योजना आहेत, अलीकडे केंद्रशासित प्रदेशाच्या. दोन्हीकडे नातेवाईक असलेल्या वारली कुटुंबाला ही सीमा लग्नकार्यात दिसत नाही, अर्ज भरतानाच दिसते.

पाचवा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : कोणत्या सालच्या पट्टीने?

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. देशात इतक्या लवकर असा विचार करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राची गणना होते, याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे. २००८ साली या व संबंधित योजनांची फेररचना झाली. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, अथवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत, ही अट ठरली. पुढे अनुदान सहाशेचे हजार झाले आणि २०२३ साली हजाराचे दीड हजार झाले. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० करण्यात आली. पण विधवा, परित्यक्ता आणि वृद्ध यांच्यासाठी दीड हजारांची वाढ झाली त्या वेळीही मर्यादा २१,०००च होती.

आपण हा आकडा नीट भागून पाहू. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, तेही एका माणसाचे नव्हे, कुटुंबाचे. चार माणसांचे घर धरले तर माणशी दिवसाला साडेचौदा रुपयेही पडत नाहीत. एवढ्या रकमेत आज चार माणसे जगतच नाहीत. म्हणजे पात्र ठरण्यासाठी जे उत्पन्न दाखवावे लागते, त्या उत्पन्नावर अर्जदार जिवंत राहू शकत नाही. आणि तो जिवंत आहे, याचाच अर्थ दाखला खरा नाही. ज्या दिवशी मर्यादा ठरली त्या दिवशी ती कदाचित गरिबाच्या जवळपास होती. किमती पुढे चालत राहिल्या आणि मर्यादा तेथेच बसून राहिली. तिला कोणी हलवले नाही, म्हणून गरीब माणूस तिच्या पलीकडे गेला. तो श्रीमंत मात्र झाला नाही.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०२४ साली महाराष्ट्रात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. तीतही दरमहा दीड हजार रुपये; पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असल्यास उत्पन्नाच्या दाखल्याची सक्ती नाही. दोन्ही योजना एकाच राज्याच्या, रक्कम एकच, आणि मर्यादांत जवळपास बारा पटींचे अंतर. एकीकडे अगोदर वाटप आणि मागाहून पडताळणी. दुसरीकडे अगोदर पडताळणी आणि मागाहून, जमल्यास, वाटप. कोणती योजना चांगली हे सांगण्याचा माझा हेतू नाही. पण यावरून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. उत्पन्नाची मर्यादा हा निसर्गनियम नाही. ती माणसांनी ठरवलेली आहे आणि माणसांना वाटले तर ती एका दिवसात बदलता येते.

मर्यादा गोठली की काय होते, हे प्रत्येक कचेरीत दिसते. दाखल्यांवर मर्यादेच्या अगदी आतले आकडे दिसू लागतात. अर्जदार ते सांगतो, लिहिणारा लिहितो, सही करणारा सही करतो. तिघांनाही ठाऊक असते. यात ज्याची मने भरवण्याची ताकद आहे, ज्याला सांगता येते, ज्याला ओळख आहे, तो पार होतो. आणि एखादी सरळ स्वभावाची बाई ‘मला धुण्याभांड्याचे महिन्याला तीन हजार मिळतात’ असे खरे सांगून बसते, तिचा अर्ज नामंजूर होतो. योजना निराधारांसाठी आहे. पण गाळणी अशी बसली आहे की तिच्यातून खरे बोलणारा तेवढा खाली गळतो. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी हानी पैशांची नाही, ही आहे.

अर्थशास्त्रज्ञ अशा कसोट्यांच्या दोन दोषांविषयी बोलतात. पात्र माणूस बाहेर राहणे हा एक आणि अपात्र माणूस आत येणे हा दुसरा. शासनाचे आणि वृत्तपत्रांचे लक्ष बहुधा दुसऱ्याकडे असते, कारण अपात्र माणूस यादीत सापडतो; त्याला नाव असते. पहिला दोष यादीत दिसत नाही. जो बाहेर राहिला त्याची नोंदच कोठे नसते. एका अपात्राने दरमहा दीड हजार घेतले तर तिजोरीचे दीड हजार जातात. एका पात्र वृद्धेला ते मिळाले नाहीत तर तिचे औषध जाते. या दोन चुका एकाच तराजूत सारख्या वजनाच्या नाहीत, हे मान्य केल्याशिवाय नियम न्याय्य होणार नाहीत.

मग उत्पन्न मोजूच नये काय? महाराष्ट्राने एकदा असा मार्ग काढून दाखवला आहे. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग झाला. त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेने मजुराला उत्पन्नाचा दाखला कधीच मागितला नाही. भर उन्हात खडी फोडायला जो येतो तो गरजू, एवढीच कसोटी. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानेही तीच कल्पना देशापुढे नेली. पण या युक्तीची मर्यादा उघड आहे. सत्तरीच्या आजीला, पक्षाघात झालेल्या माणसाला, अनाथ मुलाला आपण खडी फोडायला सांगू शकत नाही. जे काम करू शकत नाहीत त्यांच्यासाठीच अनुदान आहे, आणि नेमकी तेथेच कामाची कसोटी निरुपयोगी ठरते. म्हणून उत्पन्नाचे काही ना काही माप राहणार, हे मान्य करून ते कसे असावे एवढेच आपण बोलू शकतो.

माझ्या अल्प मतीप्रमाणे त्यासाठी चार गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, वृद्ध आणि निराधार स्त्रीच्या बाबतीत तिचे स्वतःचे उत्पन्न आणि तिला प्रत्यक्ष मिळणारा आधार पाहावा. मुलाचा पगार हा आधाराचा पुरावा मानू नये. दुसरी, ज्याचे काम हंगामी आहे त्याचे प्रत्यक्ष कामाचे महिने मोजावेत आणि कर्ता माणूस गेला असेल तर मागच्या वर्षाचा आकडा बाजूला ठेवावा. तिसरी, मर्यादा महागाईशी जोडावी. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता जर किंमतींच्या निर्देशांकाबरोबर वाढतो, तर गरिबाची व्याख्या त्याच निर्देशांकाबरोबर का वाढू नये? चौथी, नामंजुरी लेखी आणि सकारण असावी. कोणते उत्पन्न कसे धरले हे अर्जदाराला कळले, तरच तो दाद मागू शकतो. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे आणि महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. कायदे आहेत, वापरणारा हवा.

आणि येथेच, बंधुभगिनींनो, ग्रंथालयाचा संबंध येतो.

हे सारे नियम छापील आहेत. शासन निर्णयांत आहेत, परिपत्रकांत आहेत, अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक टाइपात आहेत. ज्याला त्यांची गरज आहे त्याला बहुधा ते वाचता येत नाहीत, आणि ज्याला वाचता येतात त्याला त्यांची गरज नसते. या दोघांना एकत्र आणणे हेच तर ग्रंथालयाचे शंभर वर्षांचे काम आहे. आपल्या वाचनालयात एक कप्पा असा असावा की ज्यात निराधार, वृद्ध व दिव्यांग यांच्या योजनांचे चालू शासन निर्णय तारखेनिशी लावलेले असतील. जुना निर्णय रद्द झाला तर त्यावर तशी नोंद असेल. आठवड्यातून एक संध्याकाळ एका मेजापाशी एक सभासद बसावा. येणाऱ्याचा अर्ज त्याने वाचून दाखवावा, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगावा, आणि उत्पन्नाचा हिशेब कागदाच्या तुकड्यावर मांडून द्यावा. महिने किती, मजुरी किती, भाडे किती, एवढे मांडले की कित्येकांना प्रथमच कळते की खऱ्या आकड्यानेही आपण पात्र आहोत. आणि ज्यांना खरा आकडा बाहेर ठेवतो, त्यांच्या नोंदी वर्षभर जपल्या, तर मर्यादा बदलण्याच्या मागणीला आपल्याकडे आधार तयार होईल. निवेदनात ‘गरिबांवर अन्याय होतो’ एवढे लिहिण्यापेक्षा ‘आमच्या मेजावर इतके अर्ज आले, त्यांतील इतके या एका अटीमुळे परत गेले’ असे लिहिलेले वजनदार असते.

सामरवरणीसारख्या गावांत शंभर वर्षांची ग्रंथालये नाहीत. कामासाठी आलेल्या मराठी कुटुंबांच्या सामानात पुस्तके थोडी आणि कागदपत्रांची पिशवी मोठी असते. ती पिशवी ते उशाशी घेऊन निजतात, कारण तिच्यातील एखादा कागद हरवला तर आपण कोण, हे सांगायला दुसरे कोणी नसते. आपल्यासारख्या जुन्या, प्रतिष्ठित ग्रंथालयाने हा कप्पा आणि हे मेज सुरू केले, तर त्याचे अनुकरण तिकडेही होईल, अशी मला आशा आहे.